फोम लावूनही डग्गा घुमतोच? आधी तरंगलांबी मोजा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. रियाजाची खोली आहे. भिंतींना फोमचे तुकडे चिकटवलेत, खिडकीला जाड पडदा आहे, खाली सतरंजी आहे. तरी तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्यावर ‘घे’ हा बोल पडला की ‘भूंऽऽ’ करत आवाज खोलीभर रेंगाळतो. रेकॉर्डिंग ऐकलं तर त्याहून वाईट: ‘धा’वर ‘घे’ चढलेला, तबल्याच्या चाटेवरचा (कडेवरचा) ‘ना’ मात्र मळकट, जीव नसलेला. मग आणखी फोम येतो. ‘ना’ आणखी मरतो आणि घुमारा जिथल्या तिथे राहतो.

हार्मोनियमची साथ करणारे, कीर्तन घरून रेकॉर्ड करणारे, पॉडकास्ट करणारे, सगळ्यांची अडचण थोड्याफार फरकाने हीच. फोम खोटा नसतो, भिंतीही वाईट नसतात. ज्या सुरांचा त्रास आहे त्यांची लाट किती लांब आहे हे न बघताच उपाय केलेला असतो. म्हणून बाजारात जाण्याआधी घरातली मोजपट्टी काढा.

लाट किती लांब?

हवेचं तापमान २५ अंश सेल्सिअस असेल तर ध्वनी सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो. खर्ज असो की टीप, वेग तोच. त्यामुळे सेकंदाला कंपनं जितकी जास्त तितकी एकेक लाट आखूड. ३४६ला वारंवारतेने (सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये) भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते, एवढंच गणित आहे.

आता ते वाद्यावर लावून बघा. तबला पेटीच्या काळी एक पट्टीला लावला असेल तर त्याचा सा सुमारे २७७ हर्ट्झचा, म्हणजे सव्वा मीटरची लाट. ‘ना’मध्ये जी चमक ऐकू येते ती त्याच्या वरच्या स्वरांशांची (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या उपसुरांची), हजार ते पाच हजार हर्ट्झच्या घरातली. तिथे लाट ३५ सेंटिमीटरवरून ७ सेंटिमीटरवर येते. डग्ग्याचा ‘घे’ साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास घोळतो. मनगट दाबत चामड्यावर सरकवून घिस्सा घेतला की वर चढतो. शंभर हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट.

साडेअकरा फूट! आपल्याकडच्या बेडरूमची लांबीच तेवढी असते. एकाच वेळी वाजणाऱ्या दोन आवाजांपैकी एकाची लाट वीतभर आणि दुसऱ्याची खोलीएवढी असेल, तर दोघांना एकच उपाय कसा लागू पडेल?

(तबला आणि डग्गा दोन्हीवरची शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा लेप, सुरेलपणासाठी असते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली सहकाऱ्यासोबत ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं की साध्या ताणलेल्या चामड्याचे स्वरांश बेसूर पडतात, पण शाईने भारलेल्या आपल्या वाद्यांचे स्वरांश मूळ सुराच्या पटीत येतात. इतकं निगुतीने घडवलेलं वाद्य खोलीमुळे बेसूर ऐकू यावं याचं खरंच वाईट वाटतं.)

नेमका कोणता दोष आहे?

दोन वेगळे दोष एकाच नावाखाली सांगितले जातात, ते आधी वेगळे करू.

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा पत्र्यासारखा फडफडाट ऐकू आला, तर तो समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमधला खेळ आहे. आवाज वरच्या सुरांचा, लाटा आखूड. याला पडदा, पुस्तकांची मांडणी, एका भिंतीवर थोडा फोम पुरतो.

टाळी कोरडी आली आणि डग्गा तरीही घुमतो, तर दोष खालच्या सुरांचा आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट अॅप घ्या आणि फोन बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरला जोडा. फोनच्या स्वतःच्या स्पीकरला ६० हर्ट्झ झेपत नाही, त्यावर चाचणी करून काही कळणार नाही. स्पीकर खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवा. आवाज बेताचा. ४० हर्ट्झपासून हळूहळू २०० पर्यंत चढत जा. काही आकड्यांवर खोली एकदम फुगल्यासारखी वाटेल, कपाटाचं दार थरथरेल. ते आकडे लिहून ठेवा.

हे आकडे कुठून येतात ते बघू. समजा खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच आहे. लाट एका भिंतीवर आपटून परत येते, समोरच्या भिंतीवर पुन्हा आपटते. जाऊन येऊन पडणारं अंतर लाटेच्या लांबीएवढं किंवा तिच्या पूर्ण पटीत आलं की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला बळ देते, झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलावं तसं. जागच्या जागी उभा राहिलेला हा अप्रगामी तरंग आवाज थांबल्यावरही थोडा वेळ जगतो. तोच आपला घुमारा.

१२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. जाऊन येऊन ७.३२. ३४६ भागिले ७.३२ केलं की सुमारे ४७ हर्ट्झ येतात. त्याच्या दुप्पट साडेचौऱ्याण्णव. रुंदीचे १० फूट घेतले तर सुमारे ५७ आणि ११३. उंचीचेही १० फूट, म्हणजे पुन्हा ५७ आणि ११३. तिरके मार्ग धरले तर आणखी आकडे येतात, पण मुख्य त्रास यांचाच.

यात दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक, ९४ आणि ११३ हे दोन्ही डग्ग्याच्या मुलखातले आकडे आहेत. दोन, रुंदी आणि उंची सारखी असल्यामुळे ११३वर दोन दिशांचे तरंग एकमेकांच्या डोक्यावर बसलेत. खोलीची दोन मापं सारखी असली की अमुक एकाच सुरावर खोली भडकते. घिस्सा घेताना एका ठिकाणी आवाज फुगतो आणि पुढे सरकला की एकदम पडतो, तो यामुळे. घनाकार खोली तर रियाजाला घेऊच नका.

मोजपट्टी आता लावा

हा प्रयोग जरूर करा, कारण एकदा कानाने अनुभवलं की फोमचा मोह आपोआप सुटतो. लिहून ठेवलेल्यातला ९४-९५च्या जवळचा आकडा लावून सूर तसाच चालू ठेवा. खोलीच्या एका टोकाच्या भिंतीला कान जवळजवळ टेकवा. आवाज भरगच्च. आता लांबीच्या दिशेने हळूहळू समोरच्या भिंतीकडे चालत या. साधारण तीन फुटांवर सूर जवळजवळ नाहीसा होईल. स्पीकर बंद पडला की काय असं वाटेल इतका. तिथे जमिनीवर खडूने खूण करा. पुढे चाला. मध्यावर सूर पुन्हा भरतो, नऊ फुटांवर पुन्हा पडतो. दुसरी खूण.

दोन खुणांमधलं अंतर मोजा. सहा फुटांच्या आसपास निघेल. ती अर्धी तरंगलांबी. दुप्पट करा, बारा फूट. भिंतीला टेप न लावता तुम्ही खोलीची लांबी नुसत्या कानाने मोजलीत. सामानामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, उन्हाळ्यात किंचित चढेल, पण चित्र हेच राहील.

पहिला उपाय: जागा बदला. पैसे शून्य

खोलीच्या बरोब्बर मध्यभागी गादी टाकून बसण्याची आपली सवय असते. ९४वर मध्यभागी हवेचा दाब, म्हणजे कानाला लागणारा आवाज, सर्वांत जास्त, हे आत्ताच ऐकलंत. दाब जिथे जास्त तिथे वाद्य ठेवलं तर ते त्या तरंगाला भरभरून खाद्य देतं, आणि कानही तिथेच असला तर दुहेरी मार. भिंतीला पाठ टेकून बसणं त्याहून वाईट, कारण भिंतीपाशी सगळ्याच तरंगांचा दाब जास्त. कोपरा तर सगळ्यात वाईट, दोन भिंती आणि जमीन तिथे एकत्र येतात.

डग्गा खडूच्या खुणेवर आणा: १२ फुटी खोलीत आखूड भिंतीपासून तीन फूट. तिथे त्या सुराचा दाब कमीत कमी असतो, त्यामुळे डग्गा त्या तरंगाला फारसा उठवूच शकत नाही. रुंदीतही हाच हिशोब, बाजूच्या भिंतीपासून अडीच फूट. दोन्ही एकदम जमलं तर उत्तम. न जमलं तर तुमच्या खोलीत जास्त छळणारा आकडा कोणता ते ऐकून त्याची बाजू सांभाळा.

उंचीचं मात्र काही करता येत नाही, डग्गा जमिनीवरच असणार आणि जमीन म्हणजे दाबाची जागा. पण माइक आपल्या हातात आहे. दहा फुटी छताच्या खोलीत जमिनीपासून अडीच फुटांवर ११३चा उभा तरंग पडलेला असतो. माइक तिथे आणि डग्ग्याच्या शक्य तितका जवळ ठेवा. जवळ आल्याने वाद्याचा थेट आवाज वाढतो, खोलीचा वाटा कमी होतो.

इथपर्यंत आलात तरी निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतात असं माझं ठाम मत आहे. कोणी खर्चाचा सल्ला दिला तर आधी विचारा, बसायची जागा बदलून पाहिली का?

फोम का हरतो?

फोम, कापूस, रॉकवूल (दगडी धाग्यांच्या पाट्या), पडदा हे सगळे एकाच रीतीने आवाज खातात. हवेचे कण त्यांच्या धाग्यांमधून मागे-पुढे सरकतात, घासतात, आवाजाची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे हवा हलली पाहिजे. पण भिंतीला लागून हवा हलूच शकत नाही, भिंत आडवी असते. तिथे दाब जास्त आणि हालचाल शून्य. हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर.

शंभर हर्ट्झसाठी पाव तरंगलांबी म्हणजे ८६ सेंटिमीटर, पावणेतीन फुटांहून थोडी जास्त. तुमचा फोम दोन इंचांचा. पाच सेंटिमीटर ही पाव तरंगलांबी सुमारे सतराशे हर्ट्झची. त्याच्या वरचे आणि थोडे खालचे सूर फोम नीट खातो, शंभरला तो जवळजवळ दिसतही नाही. म्हणून फोम वाढवला की ‘ना’ मरतो आणि ‘घे’ राहतो, आणि वरची चमक गेल्याने तोच घुमारा आता जास्त उघडा पडतो.

अंड्याच्या ट्रेबद्दल स्पष्टच सांगतो: लावू नका. पातळ पुठ्ठा आहे, वरचे सूरसुद्धा धड खात नाही, आणि पेटायला एक ठिणगी पुरे. साधा फोमही पेटला की दाट विषारी धूर करतो. ज्या खोलीत एक्स्टेन्शन बोर्डवर चार चार्जर लटकतात आणि दार-खिडकी घट्ट बंद असते, तिथे चारही भिंती फोमने मढवणं हा धोका आहे. फोम घ्यायचाच असेल तर आग न धरणारा, आणि थोडा.

मध्ये कपाट उभं करूनही काही होत नाही. दोन फुटी कपाट सात सेंटिमीटरच्या लाटेला भिंतीसारखं अडवतं, साडेतीन मीटरची लाट त्याला वळसा घालून निघून जाते. उलट लोखंडी कपाट असेल तर त्याचं दार स्वतःच वाजायला लागतं. टोन चालू असताना दारावर तळहात ठेवून बघा. घुमाऱ्यातली खरखर थांबली तर फटींत नमद्याच्या पट्ट्या लावा.

दुसरा उपाय: जाडी, आणि ती कोपऱ्यात

जागा बदलूनही शेपूट उरलं तर आता सामान. नियम एकच: जाड हवं, भिंतीपासून सुटं हवं, कोपऱ्यात हवं. कोपऱ्यात सगळे तरंग येऊन मिळतात, आणि तिरक्या बसवलेल्या थराच्या मागे आपोआप हवेची पोकळी राहते.

घरात जुन्या कापसाच्या गाद्या असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा. चार इंची सिंगल गादी कोपऱ्यात तिरकी उभी करा, कोपरा मागे मोकळा ठेवून. एका कोपऱ्याने फरक कळणार नाही. दोन कोपरे भरले की ‘घे’ची शेपटी आखडलेली ऐकू येते. रेक्झिनचं कव्हर असेल तर काढा. हवा आत शिरली नाही तर गादी निरुपयोगी. पिंजून आणलेला मोकळा कापूस घट्ट गोळा झालेल्या कापसापेक्षा चांगला. पावसाळ्यात मात्र गाद्या ओल धरतात, उघडीप मिळाली की ऊन दाखवा.

कायमचं करायचं असेल तर रॉकवूल. दोन इंची पाट्या ४८ किंवा ६४ डेन्सिटीच्या (घनमीटरला किलो) मिळतात. दोन एकावर एक ठेवून चार इंच करा, लाकडी चौकटीत बसवा, वर मांजरपाट ताणून मारा. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे, हीच त्याची परीक्षा. काम करताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, धागे टोचतात. दोन फुटी चौकट जमिनीपासून छतापर्यंत कोपऱ्यात तिरकी.

आणि माळा! हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. खोलीला माळा असेल तर तो छत आणि भिंत मिळते तिथे, दाबाच्या जागीच आहे. माळा आत दोन फूट खोल, म्हणजे साठ सेंटिमीटर, म्हणजे १४४ हर्ट्झची पाव तरंगलांबी. एवढ्या जाडीचा शोषक विकत आणायला गेलात तर परवडणार नाही. माळ्याची प्लायवूडची दारं काढा, आत गोधड्या, रजया, जुन्या गाद्या सैल भरा, पुढे साधा सुती पडदा सोडा. पातेली आणि सुटकेसी दुसरीकडे हलवाव्या लागतील, घरच्यांची समजूत घालायची तयारी ठेवा.

हे सगळं केल्यावर ४७ आणि ५७ पूर्ण जातील अशी अपेक्षा ठेवू नका, त्या लाटा सहा-सात मीटरच्या आहेत. पण ९० ते १५० हा डग्ग्याचा पट्टा सुधारतो, आणि आपलं काम तिथेच आहे.

फरक खरंच पडला का ते मनाच्या समाधानावर सोडू नका. तबल्यातली तीच रचना, म्हणजे तोच कायदा, त्याच लयीत, माइक त्याच जागी ठेवून आधी आणि नंतर रेकॉर्ड करा. लॅपटॉप आणि बरा माइक असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर कोणता सूर किती वेळ रेंगाळतो त्याचा आलेखच काढून देतं.

उरलेला एखादा आकडा रेकॉर्डिंगमध्ये इक्वलायझरने खाली ओढता येतो. नेमका तोच आकडा, अरुंद पट्टा, तीन-चार डेसिबल. उलटं मात्र करू नका. माइक जिथे आहे तिथे सूर पडलेला असेल तर तो इक्वलायझरने वर उचलून भरत नाही. आवाज वाढवला तर रद्द होणारा भागही तितकाच वाढतो. माइक फूटभर हलवा, तो परत येतो.

शेजाऱ्यांची तक्रार असेल तर

हा वेगळा आजार आहे. वर सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीने तो बरा होत नाही. गादी आणि रॉकवूल खोलीच्या आतला घुमारा कमी करतात, भिंतीपलीकडे जाणारा आवाज फारसा नाही. भिंत आवाज अडवते ती वजनाने, आणि तेसुद्धा वरचे सूर सहज, खालचे नाइलाजाने: ढोबळ हिशोबात वारंवारता निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद सहा डेसिबलने घटते. साडेचार इंची विटेच्या भिंतीतून ‘ना’ पलीकडे जवळजवळ जात नाही, ‘घे’ जातो.

इथे एक वाद नेहमी होतो. तुम्ही फोनवरचं डेसिबल अॅप दाखवता, आकडा मामुली असतो, आणि खालच्या काकू सांगतात की मांडणीतली भांडी वाजतात. दोघंही खरं बोलताय. ही अॅप बहुधा ‘ए’ मोजमापावर असतात, आणि त्यात खालचे सूर मुद्दाम कमी धरले जातात, १०० हर्ट्झला १९ डेसिबल आणि ५० हर्ट्झला ३० डेसिबल कमी. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांतली निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री ४५, हीसुद्धा याच मोजमापावर आहे. सेटिंगमध्ये ‘सी’ निवडा, त्यात खालचे सूर फारसे कमी धरले जात नाहीत, आणि पुन्हा मोजा. काकूंना काय ऐकू येतं त्याचा अंदाज तेव्हा येईल.

डग्ग्याचा बराचसा त्रास हवेतून न जाता थेट जमिनीतून स्लॅबमध्ये जातो. तो तोडता येतो. डग्गा ज्यावर बसतो त्या रिंगखाली नुसती सतरंजी पुरत नाही. जाड रबरी मॅट, तिच्यावर प्लायवूडचा पाट, त्यावर घट्ट गादी आणि मग डग्गा. वाद्याचा एकही भाग फरशीला लागता कामा नये. मग एक दिवस डग्गा दुसऱ्या कोणाला वाजवायला सांगून स्वतः काकूंच्या स्वयंपाकघरात उभे राहा, आणि पाटाखाली रबराचा आणखी एक थर घातल्याने भांडी थांबतात का ते तिथे ऐका.